फारगोचा मागचा एक्सल आणि ब्रेक : नवशिक्यांसाठी चित्रांविना मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांच्या शेतात गोठ्याशेजारी, मळ्यात किंवा वडिलोपार्जित वखारीत एखादा जुना फारगो ट्रक उभा आहे, आणि ज्यांना एखाद्या रविवारी दुसरा चहा पिता पिता ‘हा आपण चालू करायचाच’ असं वाटून गेलं आहे, त्यांच्यासाठी. ज्यांना स्वतःला असं काही वाटलेलं नाही, पण ज्यांच्या नवऱ्याला, सासऱ्यांना किंवा धाकट्या दिराला वाटलं आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. पुढचे काही महिने न्हाणीघरातल्या साबणाचा रंग काळा का असेल, याचा उलगडा होईल.

सर्वसाधारण नवशिक्या इंजिनापासून सुरुवात करतो. साहजिक आहे. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, बघायला माणसं जमतात, कोणीतरी व्हिडिओ काढतं. मागच्या एक्सलखाली आडवं पडून चिखल खरवडणाऱ्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. तरीही क्रम उलटा ठेवा : आधी थांबायची सोय, मग चालायची. बंद पडलेला ट्रक कोणाच्या अंगावर जात नाही. चालू झालेला, पण न थांबणारा ट्रक मात्र थेट तालुक्याच्या बातम्यांत जातो.

थोडी वंशावळ

फारगो हे नाव अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचं. आपल्याकडे ते आणलं वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं. कंपनी स्थापन झाली १९४४ मध्ये, कारखाना कुर्ल्याला. क्रायस्लरच्या सहकार्यानं तिथून डॉज, डिसोटो आणि फारगो अशा नावांचे ट्रक बाहेर पडले. भावंडांत फरक मुख्यतः नाकावरच्या पाटीचा. ही माहिती इतिहासप्रेमापोटी दिलेली नाही. दुकानदार ‘फारगोचं आता काही येत नाही शेठ’ म्हणाला, की लगेच ‘मग डॉजचं दाखवा’ म्हणता यावं, म्हणून दिली आहे. त्यालाही नाही म्हणाला, तर डिसोटो. तिसऱ्यांदा नाही म्हणायचा त्याला कंटाळा येतो आणि तो माळ्यावर चढतो.

आणखी एक जमेची बाजू. क्रायस्लरनं १९२४ साली आपल्या नावाची पहिली मोटार काढली तेव्हाच तिच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. हेन्री फोर्ड मात्र १९३८ पर्यंत सळ्या आणि तारांवर अडून बसले होते. तेव्हा तुमच्या फारगोत पायडल दाबलं, की तेलाच्या दाबानं ब्रेक लागतो. निदान एके काळी लागत होता.

साहित्य

ट्रकचा जॅक. कारबरोबर मिळालेला जॅक परत डिकीत ठेवा, त्याला अजून आयुष्य काढायचं आहे.

लोखंडी घोड्या, किंवा बाभळीचे जाड ओंडके. विटा चालणार नाहीत. सिमेंटचे ठोकळेही नाहीत. ते फुटण्याआधी कळवत नाहीत.

चाकपाना आणि त्याच्या दांड्यावर चढवायला चार फुटी पाईप.

पितळी हातोडा एक, घण एक, छिन्नी एक. छिन्नी वापरायची नाही. ती का वापरायची नाही, हे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत येईल. पण ती हाताशी नसली तर मिस्त्री काम सुरूच करत नाही.

फीलर गेज, डायल गेज, ताणकाटा. डायल गेज उसना मिळाला तर उत्तम. उसना मिळाला असेल तर परत करा.

मास्क, आणि झाडांवर फवारायचा हातपंप, त्यात साधं पाणी.

शेंदूर, पुडीभर. पूजेच्या दुकानात मिळतो. कामाच्या वेळी कळेल.

जुन्या चादरी. कोणत्या जुन्या आणि कोणत्या ‘अजून चांगल्या आहेत’, हे घरात विचारून ठरवा. या विषयात पुरुषांचं मत ग्राह्य धरलं जात नाही.

पायरी पहिली : ट्रक आहे तिथेच उभा ठेवणे

ही पायरी सर्वांत सोपी वाटते, म्हणून सर्वांत आधी घेतली आहे.

नवशिक्या येतो, हातब्रेक ओढतो आणि निर्धास्तपणे मागचं एक चाक जॅकवर घेतो. ट्रक शांतपणे पुढे निघतो. कारण या ट्रकांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर बसवलेला असतो. तो धरतो शाफ्टला. पण शाफ्ट आणि चाकं यांच्या मध्ये डिफरन्शियल आहे. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं, आणि जमिनीवरचं चाक सुलटं जायला मोकळं. शाफ्ट जागच्या जागी, हातब्रेक कचकून ओढलेला, आणि ट्रक विहिरीकडे. गिअरमध्ये टाकून ठेवला तरी तेच, कारण गिअरही त्या शाफ्टलाच धरतो. एखादा एक्सल बाहेर ओढला, तरीही हाच प्रकार.

म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. चार दगड. क्लीनर नावाच्या माणसाला पूर्वी ट्रकवर पगार का मिळत होता, ते इथे समजतं.

जमीन सपाट आणि टणक हवी. शेणानं सारवलेली जमीन टणक दिसते. जॅक तसं समजत नाही. खाली जाड फळी द्या.

पायरी दुसरी : चाकाचे नट

चाकं जमिनीवर असतानाच नट सैल करा. हवेत गेलेलं चाक नटाबरोबर फिरतं आणि तुम्हीही.

आता लक्ष देऊन वाचा. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांत उजव्या बाजूच्या चाकांच्या नटांना नेहमीचा आटा असतो आणि डाव्या बाजूच्या नटांना उलटा. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता. पण त्यापायी आजवर किती बोल्ट तुटले, याची गणती कोणी केलेली नाही. नवशिक्या डाव्या बाजूचा नट ‘सोडवायला’ लागतो, तो सुटत नाही, मग पाईप चढवतो, मग पाइपावर मेहुण्याला चढवतो. नट आवळत जातो आणि शेवटी बोल्ट कट्कन तुटतो. मेहुणा तेव्हा बहुधा चिखलात असतो.

बोल्टाच्या टोकावर घाण खरवडून पाहा. उलट्या आट्याच्या बोल्टावर इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं सापडेल.

अमेरिकेत छापलेलं मॅन्युअल मिळवलं असेल, तर आणखी एक सापळा आहे. त्यात ‘ड्रायव्हर साईड’ असं लिहिलं असेल, तर ती डावी बाजू. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. कुर्ल्यातून निघालेल्या ट्रकात तो उजवीकडे बसतो. म्हणजे पुस्तकातली ड्रायव्हर साईड ती आपली क्लीनर साईड. पुस्तकाच्या समासात हे पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेन्सिलीनंच, कारण पेन ग्रीसवर उमटत नाही.

पायरी तिसरी : एक्सल ओढणे

आधी हाऊसिंगच्या तळाचा बूच काढून तेल सोडा. खाली जुनं घमेलं ठेवा. जुन्या गिअर ऑईलला एक गंधकी वास असतो. तो दोन आंघोळींनी जात नाही आणि घरच्यांना तो न सांगताही कळतो. बुचाला चिकटलेला गाळ बोटांत चोळून पाहा. नुसती करडी पेस्ट असेल तर ती वयाची झीज. तांदळाएवढा चकचकीत तुकडा निघाला, तर आतल्या कुठल्या तरी गिअरचा दात पडला आहे, आणि हा कार्यक्रम लांबणार आहे.

या ट्रकांचा मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ प्रकारचा. ट्रकाचं आणि मालाचं वजन हबमधल्या बेअरिंगांवरून थेट हाऊसिंगवर येतं. आतला एक्सल शाफ्ट फक्त चाक फिरवतो. पालखी भोयांच्या खांद्यावर आणि पुढे नाचणारा वेगळा, अशी ही वाटणी. त्यामुळे एक्सलच्या टोकाच्या चकतीचे नट काढले, की चाक जमिनीवर असतानाही एक्सल बाहेर ओढता येतो आणि ट्रक बसत नाही. गावातल्या लोकांसमोर हे करून दाखवल्यास तुमच्याबद्दलचं मत क्षणभर सुधारतं.

पण नट निघाले तरी चकती निघत नाही. कारण नटांखाली चिरलेल्या, शंकूच्या आकाराच्या रिंगा घट्ट बसलेल्या असतात. इथे छिन्नी घालायचा मोह होतो. घालू नका, चकतीची बैठक खराब झाली की तिथून जन्मभर तेल गळेल. चकतीच्या मध्यावर आणि बोल्टांच्या मधल्या जागेत पितळी हातोड्यानं ठोका. रिंगा एकेक करून उडी मारतात. कुठे मारतात ते पाहायला एक माणूस ठेवा. मग एक्सल दोघांनी मिळून सरळ ओढा. उरलेलं तेल शेवटच्या क्षणी तुमच्या मांडीवर येईल. ते ठरलेलं आहे.

पायरी चौथी : हब आणि पूर्वजांच्या खुणा

आता मागचा भाग जॅकनं उचलून घोड्यांवर टेकवा आणि चाकं काढा. हबच्या आत एक भला मोठा नट दिसेल, त्याच्यामागे जीभ असलेला वायसर, त्याच्यामागे दुसरा नट. यासाठी कंपनीचा खास पाना होता. तो पाना कोणत्याही ट्रकाबरोबर कधीच सापडत नाही. त्याऐवजी नटाच्या कडांवर छिन्नीचे घाव सापडतात. प्रत्येक घाव एका मिस्त्रीचा. सर्वांत खोल घाव ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणालेल्याचा.

तुम्ही घराण्यात आणखी एक घाव घालू नका. नटाचं माप घ्या, वेल्डरकडे जा, जाड पाइपाच्या तोंडावर पट्ट्या जोडून पाना करून घ्या. वेल्डरला असं काम आवडतं. तोही ग्रिल आणि गेट करून कंटाळलेला असतो.

हब ओढला की टेपर बेअरिंगं हातात येतात. रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, उजेडात धरून रोलर एकेक फिरवून पाहा. खड्डे, ओरखडे किंवा तापून निळसर झालेला रोलर दिसला, की बेअरिंग बाद. घाबरू नका. फारगो गेला, क्रायस्लरचं इकडचं बस्तान गेलं, पण बेअरिंगवर कोरलेला नंबर अजून जिवंत आहे. बेअरिंगांची मापं आणि नंबर जगभर ठरावीक. कडेवर कोरलेला नंबर सांगा, दुकानदार ‘कोणत्या गाडीचं’ असं विचारणारही नाही. ऑईल सीलचंही तसंच : आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, एवढं पुरतं. मुळात तिथे चामड्याचं सील असेल, तर आता रबरी लावा.

बेअरिंगमध्ये ग्रीस बोटानं वरवर फासायचं नाही. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यावर पुन्हा पुन्हा दाबत राहा. थोड्या वेळानं दोन रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या बारीक पट्ट्या उगवतात. सगळ्या फटींतून उगवल्या म्हणजे झालं. नेमक्या याच वेळी फोन वाजतो. उचलू नका.

पायरी पाचवी : ड्रमच्या आत

ड्रम निघत नसेल, तर शू आत घ्यायचे ॲडजस्टर आधी ढिले करा. वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आतल्या कडेला काठ तयार झालेला असतो आणि शू त्या काठात अडकतात. मग घण. मग विश्रांती. मग पुन्हा घण.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी दिसेल. आता हसणं थांबवून नीट ऐका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि कॅन्सर होऊ शकतो तो कित्येक वर्षांनी. गॅरेजात कॉम्प्रेसरच्या हवेनं ड्रम फुंकून साफ करायची पद्धत आहे. ती पद्धत इथे बंद. मास्क लावा, हातपंपानं पाणी फवारून भुकटी ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. झाडूनं झाडू नका आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

लायनर तेलानं भिजलेले दिसले, तर ‘पेट्रोल टाकून जाळून घेतो, नवे होतील’ असं सांगणारा कोणीतरी तिथे उभा असेलच. जाळल्यावर वरचं तेल जळतं. आत मुरलेलं तेल पहिल्याच घाटात ब्रेक तापल्यावर पुन्हा बाहेर येतं. तेलकट लायनर बाद.

तेल आलं कुठून, हाही प्रश्न विचारा. नवशिक्या ऑईल सील बदलतो, तेल पुन्हा येतं. तो पुन्हा सील बदलतो, तेल पुन्हा येतं. मग तो सीलच्या कंपनीला नावं ठेवतो. हाऊसिंगच्या पाठीवर बघा. तिथे एक बोटभराचा ब्रीदर असतो. आतली हवा तापून फुगते तेव्हा ती बाहेर जायची वाट. त्याच्यावर चाळीस पावसाळ्यांचा चिखल बसलेला असतो. हवेला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून ढकलते, आणि तेल थेट लायनरवर. तार घालून ब्रीदर मोकळा करा. संपूर्ण दुरुस्तीतलं हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि म्हणूनच सगळे ते विसरतात.

पायरी सहावी : बाजार

व्हील सिलिंडर उघडला की आत गंज दिसेल. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. ते पाणी आतून सिलिंडर खातं. नवा सिलिंडर मिळाला तर नशीब. नाहीतर लेथवाल्याकडून बोअर करून स्लीव्ह टाकून घेता येते, मग त्या मापाचे रबरी कप बसतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं लोक डोळे झाकून करतात, असं म्हणतात. तुम्ही डोळे उघडे ठेवून करून घ्या. माप स्वतः तपासा.

ड्रमही तिथेच द्या. उलटे-सुलटे चट्टे आणि काठ जाऊन आतला गोल एकसारखा व्हायला हवा. पण ‘आणखी थोडं घेऊ या’ म्हणून ड्रम वाटेल तितका खरवडू नका. पातळ ड्रम तापला की फुगतो, शू त्याच्या मागे धावतात, आणि पायडल तळाला जातं. एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे हवेत, नाहीतर ब्रेक मारला की ट्रक एका बाजूला ओढेल. ड्रमवर बोटभर तडा दिसला, तर त्याचं मळ्यातलं आळं करा.

बाकी सुट्या भागांसाठी पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार, नाना पेठेतली दुकानं. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. तिथे घासाघीस करताना ‘व्हिंटेज’ हा शब्द उच्चारू नका. तो उच्चारला की भंगाराची पुरातन वस्तू होते आणि भाव अंगावर येतो. ‘जुना ट्रक हाय, शेतावर वापरायचाय’ असं सांगा.

पायरी सातवी : क्राउन-पिनियन, अर्थात हात लावावा की लावू नये

हाऊसिंगच्या मध्यभागी क्राउन आणि पिनियन आहेत. नवशिक्याला ते उघडून बघायची फार इच्छा असते. ज्या डिफरन्शियलमधून चालताना किंचाळी येत नव्हती, तेलात तुकडे आले नाहीत आणि हातानं हलवल्यावर फाजील खडखड नाही, ते उघडू नका. ज्या माणसाला पोटदुखी नाही त्याचं ऑपरेशन करत नाहीत.

उघडावंच लागलं, तर दोन गोष्टी. बेअरिंगांवरच्या दोन टोप्या ज्या बाजूच्या आहेत त्याच बाजूला परत लागल्या पाहिजेत. काढण्याआधी पंचनं एकीवर एक ठिपका आणि दुसरीवर दोन ठिपके मारा. आणि क्राउन-पिनियन ही जोडी आहे. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जमवलेलं असतं. एक नवा आणि एक जुना लावलात, तर ते रात्रंदिवस भांडतील आणि आवाज पुढच्या गावापर्यंत जाईल.

आता शेंदूर काढा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. थोड्या तेलात खलवून क्राउनच्या सात-आठ दातांना फासा आणि पिनियन फिरवा, क्राउनला लाकडानं थोडा अडवून. दात एकमेकांना जिथे भिडले तिथला शेंदूर पुसला जाऊन चमकदार ठसा उठतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. वरच्या कडेला किंवा मुळाशी गेला, तर पिनियन आत-बाहेर सरकवायचा, शीम घालून किंवा काढून. दाताच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकाला गेला, तर क्राउन बाजूला सरकवायचा. मग डायल गेजनं दोन दातांमधला मोकळेपणा पाहायचा. तो मिलिमीटरच्या दशांशात मोजतात, आणि नेमका किती हवा ते मॅन्युअल सांगतं. पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण पाहायला त्याच्या चकतीला दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढतात. काटा ज्या आकड्यावर असताना पिनियन सलग फिरत राहतो, तो आकडा.

एक शीम घातला की सगळं पुन्हा मोजायचं. पुन्हा शेंदूर. पुन्हा ठसा. शेजारच्या काकूंनी ट्रकाच्या पोटात शेंदूर बघितला तर त्या बाहेरून नमस्कार करून जातील. करू द्या. शेंदूर विषारी आहे. जेवायला बसण्याआधी हात मात्र साबणानं घासून धुवा. हे काम एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीनं केलेलं पाहणं ही नवशिक्याची खरी शिकवणी. मिस्त्री ठसा बघून नुसता ‘हूं’ म्हणतो. ‘हूं’ दोन प्रकारचे असतात. दुसऱ्या प्रकाराचा अर्थ ‘पुन्हा खोला’.

पायरी आठवी : जोडणी

लायनर शूवर रिव्हेटनं बसवायचा. सुरुवात मधल्या रिव्हेटपासून, मग दोन्ही टोकांकडे. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये लायनर उचलला जातो. बसल्यावर लायनर आणि शू यांच्या मध्ये फीलर गेजची पात घालून पाहा. ती कुठेही आत जायला नको. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या चांगली खाली हवीत, नाहीतर ती ड्रमला नांगरतील.

शू खेचून धरणाऱ्या स्प्रिंगा बसवणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. स्प्रिंग स्क्रूड्रायव्हरनं ताणताना तोंड समोर धरू नका. सुटलेली स्प्रिंग कुठे गेली हे ट्रक विकेपर्यंत कळत नाही.

शूच्या खालच्या टोकाच्या दोन अँकर पिना फिरवल्या की शू किंचित सरकतो. वरचे कॅम फिरवले की शू ड्रमकडे जातो. हबचा नट आवळताना चाक फिरवत राहा. बेअरिंग बसलं की मॅन्युअलात दिलंय तेवढा नट मागे घ्या आणि वायसरची जीभ वाकवून कुलूप लावा. जीभ वाकवायची राहिली, तर चाक तुमच्या आधी घरी पोचेल.

ब्रेकच्या नळ्या बदलताना तांब्याची नळी घेऊ नका. ती वाकवायला सोपी आणि दिसायला देखणी. पण सतत थरथरून कडक होते आणि तडकते. पोलादी नळी, टोकाला दुमडून केलेला डबल फ्लेअर.

पायरी नववी : हवा काढणे

ब्रेक ऑईल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी शोषलेलं १४० लाच. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पायडल नुसतं खाली जातं. इंजिन ऑईल किंवा ‘गडबडीत हेच होतं’ असलं कोणतंही तेल ओतलंत, तर रबरी कप फुगून बसतील आणि सगळं पुन्हा. रंगावर सांडू नका, रंग निघतो.

पायडल मारायला भाचा बसवा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. निपलला पारदर्शक नळी लावून ती ब्रेक ऑईलच्या बाटलीत बुडवा.

‘मार. मार. मार. धर!’

‘धरलं, मामा.’

निपल सोडा. बुडबुडे येतील. पायडल खाली जाईल. निपल बंद करा, आणि मगच :

‘सोड.’

क्रम चुकला आणि भाच्यानं निपल उघडं असताना पाय सोडला, तर हवा परत आत. ‘मामा, पाय दुखला’ हे तिसऱ्या चाकाला येतं. पाणी द्या, बसायला उशी द्या, पण चौथं चाक सोडू नका. मधेमधे मास्टर सिलिंडरमधलं ऑईल भरत राहा. ते संपलं तर सगळी हवा पहिल्यापासून.

पायरी दहावी : चाचणी

पायडल दाबून पूर्ण मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळती आहे. तुमच्या ट्रकात हायड्रॉलिकचं एकच सर्किट आहे. आजच्या गाडीत एक नळी फुटली तर निम्मे ब्रेक तरी उरतात. इथे एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी, आणि उरतो तो प्रॉपेलर शाफ्टवरचा हातब्रेक, जो धावता ट्रक थांबवायला केलेलाच नव्हता. म्हणून प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून, पायडल दाबून, पुन्हा पुसून पाहा. फडकं कोरडं राहिलं पाहिजे.

मग रिकामा ट्रक, सपाट मैदान, पायी चालण्याचा वेग. मग थोडा जास्त. थांबून चारही ड्रमला हात लावून पाहा : एक जास्त तापला असेल, तर त्याचे शू घासतायत, एक गार असेल, तर तो कामचुकार आहे. थोडं चालवून झालं की चाकांचे नट पुन्हा आवळा, दोन्ही बाजूंचे, आणि डाव्या बाजूला उलटे.

शंकासमाधान

प्रश्न : हे सगळं स्वतः करावं का?
उत्तर : धुणं, खरवडणं, मोजणं, ग्रीस भरणं, भाच्याला चहा देणं स्वतः करा. रिव्हेट, लेथ आणि शेंदूर जाणत्याकडून करून घ्या, आणि तो करत असताना तिथे उभे राहा.

प्रश्न : मिस्त्री म्हणाला, एका बाजूचे लायनर बरे आहेत, फक्त दुसऱ्या बाजूचे बदलू. करू का?
उत्तर : नाही. दोन्ही बाजूंना एकाच जातीचे नवे.

प्रश्न : माझ्या ट्रकाची व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का?
उत्तर : केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ते खासगी दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. मागची जोडचाकं धरून तुमच्या ट्रकाला सहा चाकं होतात. आरटीओत जाण्याआधी घरीच मोजून घ्या.

प्रश्न : पुढे लिंबू-मिरची बांधली आहे. मागेही बांधू का?
उत्तर : बांधा. ब्रीदरवर मात्र नको.

प्रश्न : आता खंडाळ्याचा घाट उतरवून बघू का?
उत्तर : आधी मैदानात थांबवा, मग गावातल्या उतारावर थांबवा, मग थोडा माल घालून थांबवा. जुन्या ड्रायव्हरांचा नियम अजून लागू आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि न्यूट्रल विसरून जा. एवढं सगळं झाल्यावरही पायडलबद्दल मनात तिळभर शंका असेल, तर ट्रक परत शेडमध्ये घ्या आणि नवव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. घाट शंभर वर्षं तिथेच आहे, तो थांबेल. तुमच्या ट्रकाबद्दल एवढी खात्री होईपर्यंत त्याला घाट दाखवू नका.